स्पॅनिशमधला ‘केदार’ : एकाच क्रियापदाचे अनेक अर्थ कसे ओळखायचे

विदर्भातल्या गावात राहून, फोनवर, स्वतःच्या बळावर स्पॅनिश शिकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पहिले काही आठवडे बरे जातात. नमस्काराला ‘ओला’, आभाराला ‘ग्रासियास’, मग आकडे, वार, रंग, नातीगोती. त्यानंतर एक क्रियापद भेटतं आणि तिथे पुष्कळ जण अडकतात. एका व्हिडिओत त्याचा अर्थ ‘थांबणे’ सांगितलेला असतो, दुसऱ्यात ‘उरणे’, तिसऱ्यात ‘भेटायचं ठरवणे’. कपड्यांच्या दुकानातल्या धड्यात तर तेच क्रियापद शर्ट अंगाला बसतो की नाही हे सांगायला येतं. मुलं वहीत अर्थांची यादी करतात, ती घोकतात आणि खरं वाक्य समोर आलं की यादीतला कितवा अर्थ लावायचा ते कळत नाही.

हे क्रियापद म्हणजे केदार. शोधायचं असेल तर फोनमध्ये इंग्रजी अक्षरांत क्यू, यू, ई, डी, ए, आर असं टाका. सुरुवातीला ‘क्वे’ म्हणू नका, सरळ ‘के’ म्हणा. जोर शेवटच्या ‘दार’वर द्यायचा, आणि मधला ‘द’ आपल्या ‘द’पेक्षा मऊ, जीभ दातांच्या मध्ये हलकी टेकवून.

माझं सांगणं एवढंच की यादी घोकू नका. शब्दाच्या आजूबाजूला कोण उभं आहे ते पाहा. मराठीत आपण हेच करतो. भूक लागते, ठेच लागते, दहावीचा निकाल लागतो, विहिरीला पाणी लागतं, तो माझा मामा लागतो, नागपूरला जायला वेळ लागतो. ‘लागणे’चे हे अर्थ आपल्याला कुणी फळ्यावर लिहून शिकवले नाहीत. शेजारचा शब्द ऐकला की अर्थ आपोआप उघडतो. केदारचंही तसंच आहे, फक्त शेजारी कोण कोण असतं ते सुरुवातीला मुद्दाम पाहावं लागतं.

आधी रूपं ओळखीची करा

वर्तमानकाळात केदो (मी), केदास (तू), केदा (तो, ती, ते), केदामोस (आम्ही किंवा आपण), केदान (ते सगळे). समोरच्याला आदराने बोलायचं असेल तरी ‘केदा’ हेच रूप. भूतकाळात दोन रूपं सारखी लागतात : केदेऽ (मी) आणि केदोऽ (तो, ती, ते). हा अवग्रह मी खुणेसाठी लावला आहे. स्पॅनिश लिपीत तिथे अक्षरावर तिरपी रेघ असते आणि बोलताना जोर शेवटी येतो. ‘केदो’मध्ये जोर ‘के’वर दिला तर ‘मी राहतो’, ‘दो’वर दिला तर ‘तो राहिला’. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात म्हणून कानाने वेगळे करायची सवय आताच लावा.

केदामोस हे रूप वर्तमान आणि भूत दोन्हींत सारखंच असतं. कोणता काळ ते वाक्यातल्या ‘काल’, ‘आज’, ‘उद्या’वरून ठरवायचं.

पहिली पायरी : ‘राहणे’ हाताशी ठेवा

स्पॅनिश अनेकदा इंग्रजीच्या वाटेने शिकवली जाते. या क्रियापदापुरती ती वाट लांबची आहे. इंग्रजीत केदारसाठी चार-पाच वेगळी क्रियापदं लागतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. मराठीत एक क्रियापद यातला निम्म्याहून जास्त भार उचलतं : राहणे.

केदार आला लॅटिनमधल्या ‘क्विएतारे’ या क्रियापदावरून. त्याचा अर्थ शांत करणे, निवांत करणे. हालचाल थांबली की माणूस किंवा वस्तू जिथे असते, जशी असते, जेवढी असते, तिथून पुढचे सगळे अर्थ निघाले. आता ही वाक्यं मराठीशी ताडून पाहा.

‘मे केदो एन कासा’ म्हणजे मी घरीच राहतो. ‘केदा पान’ म्हणजे पाव राहिला आहे, शिल्लक आहे. ‘केदा अल्गोदोन पोर रेकोहेर’ म्हणजे कापूस वेचायचा राहिला. (अल्गोदोन हा कापसाचा शब्द स्पॅनिशने अरबीतून घेतला.) हॉटेलात बिल देताना ‘केदेसे कोन एल काम्ब्यो’ म्हणतात, म्हणजे वरचे पैसे राहू द्या. आणि ‘केदोऽ एम्बारासादा’ म्हणजे तिला दिवस राहिले. इथे मराठी आणि स्पॅनिश अगदी एका जागी येऊन उभ्या राहतात. ‘एम्बारासादा’ म्हणजे गरोदर. इंग्रजीतल्या ‘एम्बॅरस्ड’सारखा दिसतो म्हणून लाजलेली असा अर्थ लावू नका, त्यातून भलताच गोंधळ होतो.

वऱ्हाडी-नागपुरी बोलणाऱ्यांनी मात्र इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण आपल्या ‘राहणे’त एक अर्थ पुण्याकडच्यांपेक्षा जास्त आहे. ‘काय करून राह्यला?’, ‘जेवून राह्यलो’. इथे ‘राह्यलो’ म्हणजे क्रिया चालू आहे एवढंच. हा अर्थ केदारमध्ये नाही. ‘पोरगा पाहून राह्यला’ हे स्पॅनिशमध्ये ‘एल चिको एस्ता मिरान्दो’ होईल, त्यात ‘एस्तार’ हे दुसरंच क्रियापद येतं. पण ‘पोरगा पाहतच राह्यला’, म्हणजे जागेवर थबकून, नजर न हलवता, हे ‘एल चिको से केदोऽ मिरान्दो’. एक ‘पाहून’, एक ‘पाहतच’. हा फरक वऱ्हाडी कानाला लगेच कळतो, समजावून सांगावा लागत नाही. म्हणून शंका आली की वाक्य आधी आपल्या बोलीत म्हणून पाहा. ‘-ून राह्यला’ येत असेल तर एस्तार, ‘-तच राह्यला’ येत असेल आणि माणूस जागेवरच थबकला असेल तर केदार.

दुसरी पायरी : क्रियापद कुणाच्या मागे चाललं आहे ते पाहा

‘मे केदान दोस नारांहास.’ माझ्याजवळ दोन संत्री राहिली.

क्रियापद ‘केदान’ आहे, अनेकवचनी, कारण राहिली ती संत्री. ‘मे’ म्हणजे मला, माझ्याजवळ. मराठीत आपण ‘मी दोन संत्री राहिलो’ असं कधीच म्हणणार नाही. ‘राहिली’ संत्र्यांच्या मागे जातं. स्पॅनिशमध्ये नेमकं तसंच. इंग्रजीतून विचार करणारा इथे ‘मी’ला कर्ता धरतो आणि ‘केदो दोस नारांहास’ म्हणून मोकळा होतो. तुम्ही मराठीतून आलात तर ही चूक व्हायचं कारणच नाही.

तर नियम असा : वाक्यात कर्ता वस्तू असेल आणि आधी मे, ते, ले, नोस यातलं काही असेल, तर ते ‘मला, तुला, त्याला, आम्हाला’. वस्तू उरली आहे किंवा अंगाला बसली आहे. कोणतं, ते पुढच्या पायऱ्यांत येईल.

संत्र्यावरून एक सांगून ठेवतो. ‘नारांहा’ हा शब्द आपल्या संस्कृत ‘नारंग’पासून फारसी आणि अरबीच्या वाटेने स्पेनला पोहोचला. त्यामुळे तो आपल्याला जवळचा वाटतो. पण वरूड-मोर्शीच्या बागांतलं सुटसुटीत सालीचं संत्रं स्पॅनिश बोलणाऱ्याच्या लेखी ‘मांदारीना’ आहे. नारांहा म्हणजे घट्ट सालीचं फळ, आपल्या मोसंबीच्या जवळचं. आणि ‘ला नारांहा’ म्हटलं तर फळ, ‘एल नारांहा’ म्हटलं तर रंग. तिथेही आधीच्या छोट्या शब्दाकडे पाहूनच अर्थ कळतो.

तिसरी पायरी : ‘मे, ते, से, नोस’ आहे का, आणि क्रियापदाशी जुळतो का

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. ही तीन वाक्यं वहीत एकाखाली एक लिहा आणि मोठ्याने म्हणा :

नोस केदान सिंको मिनूतोस.
नोस केदामोस सिंको मिनूतोस.
केदामोस आ लास सिंको.

पहिल्यात क्रियापद ‘केदान’, म्हणजे कर्ता मिनिटं. आपल्याजवळ पाच मिनिटं उरली आहेत. बस निघायची वेळ झाली असताना हे म्हणाल.

दुसऱ्यात ‘नोस’ही ‘आम्ही’चा आणि ‘केदामोस’ही ‘आम्ही’चं रूप. दोन्ही एकाच माणसाकडे बोट दाखवतात. असं झालं की क्रिया कर्त्यावरच वळते : आम्ही पाच मिनिटं थांबतो. ‘मे केदो’, ‘ते केदास’, ‘से केदा’, ‘नोस केदामोस’ या सगळ्या जोड्या अशाच. माणूस स्वतः राहतो, थांबतो.

तिसऱ्यात छोटा शब्द गळाला आणि पुढे वेळ आली : पाचला भेटायचं ठरलं.

फरक केवढा, आणि तो दाखवणारे शब्द केवढे! जोडी जुळते का एवढाच प्रश्न विचारा. जुळली तर माणूस राहतो. ‘नोस केदान’सारखी जुळली नाही तर वस्तू राहते. छोटा शब्दच नसेल तर पुढे काय आहे ते पाहा.

चौथी पायरी : मागोमाग येणारा शब्द

केदारच्या मागोमाग येणारे छोटे शब्द अर्थ जवळजवळ ठरवून टाकतात.

‘कोन’ आला आणि आधी मे-ते-से असेल, तर ठेवून घेणे, पसंत करणे. दुकानात दोन शर्ट पाहून ‘मे केदो कोन एल आसूल’ म्हटलं की निळा घेतो. ‘से केदोऽ कोन ला त्येर्रा’ म्हणजे त्याने जमीन ठेवून घेतली. भावाभावांच्या वाटणीत हे वाक्य कसं वापरलं जाईल ते सांगायला नको. स्पेनमध्ये बोलताना याच रचनेला एक वेगळा अर्थही आहे : ‘ते एस्तास केदान्दो कोनमीगो’, म्हणजे तू माझी मजा घेतोस. ते ओळखायची खूण ही की ‘कोन’च्या पुढे वस्तू नसून माणूस असतो.

‘सिन’ म्हणजे वाचून, शिवाय. ‘मे केदेऽ सिन दिनेरो’, माझे पैसे संपले. ‘नोस केदामोस सिन लूस’, आपल्याकडची ‘लाईन गेली’. ‘लूस’ म्हणजे उजेड, पण विजेलाही तोच शब्द. हे वाक्य आपल्या भागात दररोज उपयोगी पडेल, म्हणून पहिल्यांदा हेच पाठ करा.

‘पोर’ आणि पुढे क्रियापद, तर काम करायचं राहिलं : ‘केदा मूचो पोर आसेर’, पुष्कळ करायचं राहिलं आहे.

‘एन’कडे जरा थांबून पाहायला हवं. पुढे जागा आली आणि आधी ‘मे’ वगैरे असेल तर तिथे राहणे : ‘मे केदो एन नागपूर’. पुढे क्रियापद आलं तर तसं करायचं ठरणे : ‘केदामोस एन वेरनोस’, भेटायचं ठरलं. चर्चा लांबत चालली आणि निर्णय होत नसेल तर ‘एन के केदामोस?’ असं विचारतात, म्हणजे मग ठरलं काय?

‘आ’च्या पुढे घड्याळाची वेळ असेल तर भेट ठरली आहे. अंतर असेल तर ठिकाण सांगितलं आहे : ‘एल प्वेब्लो केदा आ दिएस किलोमेत्रोस’, गाव दहा किलोमीटरवर आहे.

पाचवी पायरी : ‘राहणे’ जिथे चालत नाही

काही अर्थांना ‘राहणे’ लावलं तर वाक्य मोडतं. तिथे आपल्याकडची दुसरी क्रियापदं कामी येतात.

ठिकाण सांगताना ‘पडणे’ घ्या. ‘दोंदे केदा ला फार्मासिया?’ म्हणजे औषधांचं दुकान कुठे आहे? ‘केदा लेहोस’ म्हणजे लांब पडते. हा अर्थ जागचं न हलणाऱ्या गोष्टींपुरता असतो : गाव, इमारत, रस्ता, नदी. माणूस कुठे आहे किंवा गाडी कुठे उभी आहे हे विचारायला एस्तार वापरा.

कपड्यांसाठी ‘बसणे’, ‘होणे’, ‘शोभणे’. ‘ला कामीसा ते केदा ग्रांदे’, शर्ट तुला मोठा होतो. ‘ते केदा ब्येन’, तुला छान दिसतो. दुसऱ्या पायरीत सोडलेला प्रश्न इथे सुटतो. ‘मे केदान’च्या पुढे आकडा किंवा ‘किती’ हे सांगणारा शब्द आला तर वस्तू उरल्या. गुण सांगणारा शब्द आला तर कपडा कसा बसतो ते सांगितलं. ‘मे केदान दोस कामीसास’, माझ्याकडे दोन शर्ट राहिले. ‘मे केदान ग्रांदेस लास दोस कामीसास’, दोन्ही शर्ट मला मोठे होतात. शर्ट तेच, आकडाही तोच. ‘ग्रांदेस’ने अर्थ फिरवला.

स्वयंपाकाला ‘होणे’. कुणी जेवायला बोलावलं तर ‘एल आरोस ते केदोऽ रीको’ म्हणा, म्हणजे भात मस्त झाला, आणि तो तुमच्या हातून झाला. ‘ते’मुळे कौतुक स्वयंपाक करणाऱ्यापर्यंत पोहोचतं. ते गाळलं तर नुसती भाताची तारीफ राहते.

माणसांमधल्या वागण्यात ‘केदार ब्येन’ आणि ‘केदार माल’ येतात. मान राखणे, चांगलं दिसणे आणि त्याच्या उलट वाईट दिसणे. ‘केदोऽ माल कोन सु स्वेग्रो’ म्हणजे सासऱ्याजवळ त्याचं नाव खराब झालं. ‘ब्येन’ कपड्यांतही येतं आणि इथेही, मग ओळखायचं कसं? कर्ता कोण ते पाहा. शर्ट असेल तर शोभतो, माणूस असेल आणि पुढे ‘कोन अमुक’ असेल तर नाव राखतो.

आणखी एक रचना नुसती ओळखून ठेवा. सरकारी पाट्यांवर ‘केदा प्रोइबीदो फुमार’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे धूम्रपानास मनाई आहे. बोलण्यात ती लागत नाही, वाचण्यात लागते.

सहावी पायरी : बोलणारा कुठला आहे

स्पेनमधली माणसं भेट ठरवायला केदार सतत वापरतात. ‘केदामोस?’ एवढा एकच शब्द तिथे ‘भेटायचं का?’ म्हणून पुरतो. लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी ‘नोस वेमोस’ जास्त ऐकू येतं. मेक्सिकोमध्ये ठरवणे या अर्थाने ‘केदार एन’च्या जागी ‘केदार दे’ म्हणतात. ठिकाण विचारायला ‘दोंदे केदा?’ लॅटिन अमेरिकेत फार चालतं. स्पेनमध्येही ते समजतं. दिवस राहण्याच्या वाक्यात स्पेनमधली माणसं आधी ‘से’ लावतात, पलीकडे बहुधा लावत नाहीत.

तुम्ही पाहता तो शिक्षक किंवा मालिका कुठली आहे हे वहीच्या पानावर वर लिहून ठेवा. दोन देशांची वाक्यं एकाच पानावर मिसळू नका. नवशिक्याचा अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सातवी पायरी : कोश उघडा, पण वाक्य हातात घेऊन

फोनमधल्या भाषांतराच्या ॲपला नुसतं ‘केदार’ दिलं तर ते एखादाच अर्थ पुढे करेल. पूर्ण वाक्य द्या, आणि उत्तर आलं तरी वरच्या पायऱ्यांवर घासून पाहा.

माद्रिदच्या रॉयल स्पॅनिश अकादमीचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. अकादमी 1713 साली स्थापन झाली आणि कोशाची तेविसावी आवृत्ती 2014 साली निघाली. कोश स्पॅनिशमध्येच आहे, त्यामुळे सुरुवातीला दडपण येतं. तरी त्यातली दोन-तीन संक्षेपरूपं ओळखता आली तर तो आत्ताच वापरता येईल. अर्थाच्या आधी पी-आर-एन-एल अशी अक्षरं असतील तर तो अर्थ मे-ते-से लावल्यावरचा. आय-एन-टी-आर असेल तर अकर्मक. सी-ओ-एल-ओ-क्यू असेल तर बोलण्यातला, औपचारिक पत्रात न वापरण्याचा. कधी मेक्सिको किंवा अर्जेंटिनाचं नाव थोडक्यात दिलेलं असतं, म्हणजे तो अर्थ तिकडचा. सगळे अर्थ वाचत बसू नका. हातातल्या वाक्यात ‘से’ आहे का ते पाहा आणि थेट त्या खुणेच्या अर्थांकडे जा.

गावात रेंजचा भरवसा नसतो. तालुक्याला किंवा चांगल्या रेंजच्या जागी गेलात की केदारचं पान आणि ऐकण्याचे धडे फोनमध्ये उतरवून घ्या, म्हणजे शेतात, मोटर सुरू असतानाही ऐकता येतील.

आता सराव

मित्राचा संदेश आला आहे असं समजा :

‘मे केदेऽ सिन बातेरीआ. केदामोस एन वेरनोस आ लास सेइस, पेरो मे केदान दोस कोसास पोर आसेर. तु कासा केदा लेहोस? सी क्येरेस, मे केदो आकी इ तू व्येनेस.’

एकेक घ्या. ‘मे केदेऽ’, जोडी जुळली, पुढे ‘सिन’ : माझी बॅटरी संपली होती. ‘केदामोस’, आधी छोटा शब्द नाही, पुढे ‘एन’ आणि क्रियापद : सहाला भेटायचं ठरलं होतं. ‘मे केदान’, जोडी जुळत नाही, पुढे आकडा, मग ‘पोर’ : दोन कामं करायची राहिली आहेत. ‘कासा केदा लेहोस’, कर्ता घर, पुढे अंतर : तुझं घर लांब पडतं का? ‘मे केदो आकी’, जोडी जुळली, पुढे जागा : हवं तर मी इथेच थांबतो, तू ये.

आता हे एक तुम्ही सोडवा. ‘पांतालोन’ म्हणजे पँट, ‘लार्गो’ म्हणजे लांबीला जास्त, ‘पेरो’ म्हणजे पण, आणि शेवटचा ‘एल’ म्हणजे ‘ती’, इथे पँट :

एल पांतालोन मे केदा लार्गो, पेरो मे केदो कोन एल.

दोन्ही ठिकाणी ‘मे’ आहे. जोडी कुठे जुळते, कुठे नाही, आणि पुढे कोण उभं आहे, या क्रमाने पाहा.